शिट्टीविना सराव

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. पितळेची, वरून चांदीसारख्या मुलाम्याची. ओठ लागून लागून तो मुलामा एका बाजूने पार झिजला आहे आणि आतले पिवळे पितळ उघडे पडले आहे. माझ्या पोटात बुचाची एक छोटी गोळी आहे. ती थरथरली की माझा आवाज फुटतो. ओहायोतल्या एका कारखान्यात मी जन्मले आणि नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजच्या व्यायामशाळेत माझे सारे आयुष्य गेले. तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी मी दोनच कामे केली. थांबलेल्यांना पळवले आणि पळणाऱ्यांना थांबवले. त्यातले दुसरे काम किती अवघड असते, तेच मला आज तुम्हांला सांगायचे आहे.

माझी पहिली मालकीण व्हर्ना श्टुकी. त्या काळी मुलींच्या संघाला कोणी विचारत नसे. मुलांचा सराव आटोपला की उरल्यासुरल्या वेळात मैदान मिळे. गणवेशासाठी मुली चर्चच्या अंगणात केक विकत, आणि सामन्याला जायची गाडी व्हर्नाबाई स्वतः हाकत. सराव किती वेळ चालावा याचा नियम नव्हता. व्हर्नाबाई दमेपर्यंत तो चाले, आणि व्हर्नाबाई कधी दमत नसत.

"पाणी नंतर! आधी पाय उचला!" असे ओरडून त्या मला इतक्या जोरात फुंकत की माझ्या पोटातली गोळी गरगरून जाई.

त्यांच्या हाताखाली मार्लिस कुबाट नावाची एक काटक मुलगी खेळत होती. पळता पळता उलटी झाली तरी बाहीने तोंड पुसून ती पुन्हा रांगेत उभी राही. व्हर्नाबाई तिच्याकडे बोट दाखवून इतरांना म्हणत, "बघा, याला म्हणतात खेळाडू!" पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मी मार्लिसच्या गळ्यात आले. आता ती मार्लिसबाई झाली होती, कॉलेजची प्रशिक्षक. तिने केलेले कौतुक आणि तिने दिलेल्या शिव्या, दोन्हींच्या आधी मीच वाजत असे. आम्ही पुष्कळ सामने जिंकलो. गावातल्या न्हाव्याच्या दुकानात आमच्या संघाचा फोटो लागला. मला फार अभिमान वाटे.

मग नियम बदलू लागले. आठवड्यातून सराव अमुक तासच घ्यायचा. एक दिवस सक्तीची सुट्टी द्यायची. त्या दिवशी प्रशिक्षकाने मैदानाकडे फिरकायचेही नाही. हा नियम यायचा होता तेव्हा राज्यभरच्या प्रशिक्षकांची सभा भरली होती. मार्लिसबाई ताडकन उभी राहिली.

"आमच्या वेळी तास कोण मोजत होतं?" ती म्हणाली. "मुली काय काचेच्या आहेत?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नियम मात्र मंजूर झालाच. परत येताना गाडीत ती नुसती माझी दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

नव्या खेळाडू निवडण्याचेही नियम आले. शाळेतल्या मुलीला फोन कधी करायचा, घरी कधी जायचे, कधी नुसते लांबून बघायचे, सगळे ठरलेले. एका जुलैत आम्ही शालेय मुलींची स्पर्धा बघायला गेलो. त्या महिन्यात प्रशिक्षकांनी बाकावर बसून बघायचे. मुलीशी किंवा तिच्या घरच्यांशी बोलायचे नाही. मैदानावर हॅटी ओस्ट्रँडर नावाची एक उंच मुलगी खेळत होती. वाळूच्या टेकड्यांतल्या गुरांच्या मळ्यावर वाढलेली. चेंडू फळीवर आपटून कुठे येणार हे तिला आधीच कळत असे. मार्लिसबाईचा हात आपोआप माझ्यावर आला आणि घट्ट मिटला. मी ओळखले, हीच ती.

मध्यंतरात सरबताच्या रांगेत नेमकी हॅटीची आई लोरीन पुढे उभी! ती शाळेची बस चालवत असे. मोकळ्या स्वभावाची, मोठ्याने बोलणारी.

"अहो, तुम्ही त्या कॉलेजच्या कोच ना? काय उकडतंय! घ्या, एक ग्लास माझ्याकडून."

मार्लिसबाईने कशीबशी मान हलवली आणि रांग सोडून सरळ चालती झाली. मागून लोरीन शेजारच्या बाईला म्हणाली, "बघितलंस? नाक बघ केवढं वर! जशी काही मी विषच देत होते."

फोन करण्याची मुभा ज्या दिवशी मिळाली, त्या दिवशी मार्लिसबाईने चहासुद्धा न घेता पहिला फोन लोरीनलाच लावला. "त्या दिवशी मी बोलले असते तर तुमच्याच लेकीची अडचण झाली असती," ती म्हणाली. पलीकडून लोरीनचे मोठे हसू आले. "मग आता या जेवायला. सरबत नाही देणार मात्र!"

आम्ही गेलो. लोरीनने चिली नावाचा मांस-राजम्याचा तिखट रस्सा आणि त्यासोबत दालचिनीचे गरम गोड रोल वाढले. हॅटी लाजून ताटात बघत होती. जेवण झाल्यावर लोरीनने हात पुसले आणि एकच विचारले, "जिंकण्याहरण्याचं राहू द्या. ही पडली तर उचलणार कोण?"

"मी," मार्लिसबाई म्हणाली.

हॅटी आमच्या कॉलेजात आली, आणि नेमके त्याच वर्षी सगळे बिघडले. आम्ही सामने हरू लागलो. क्रीडाप्रमुख मार्लिसबाईच्या खोलीत येऊन म्हणाले, "हा मोसम असाच गेला तर माझ्या हातात काही राहणार नाही." शिवाय आणखी एक नवा नियम आला होता. खेळाडूंना आता वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलता येत होते. मुलींना त्यामुळे मोकळीक मिळाली हे खरे. पण प्रशिक्षकांनाही दुसरीकडची तयार खेळाडू उचलता येऊ लागली, आणि आपली जागा उद्या आपलीच असेल याची कोणालाच खात्री उरली नाही. मार्लिसबाईचा सहायक ट्रेंट दिवसभर फोनवर असे. एकदा तो म्हणत होता, "उंच आहे ना? मग आमच्या ओस्ट्रँडरची जागा देऊ की तिला!" दाराबाहेर हॅटी बुटाची नाडी बांधत होती. ती तशीच वाकलेली राहिली.

शनिवारी आम्ही फार वाईट हरलो. दुसरा दिवस सक्तीच्या सुट्टीचा. ट्रेंट मार्लिसबाईच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "तुम्ही यायचं नाही, मीही येणार नाही. शिट्टी वाजणार नाही. मुली आपल्या आपण पळतील. त्याला सराव कोण म्हणेल?"

"मी हे ऐकलेलं नाही," मार्लिसबाई म्हणाली.

"बरोबर," तो हसला. "मी बोललोच नाही."

रविवारी दुपारी ती कामाचे निमित्त करून आपल्या खोलीत येऊन बसली. मी तिच्या गळ्यातच होते. खोली मैदानाच्या वर, जिन्याच्या टोकाला. दार बंद होते, पण आवाज कसा बंद होणार? खाली कर्णधार कीआरा बँक्स सगळ्यांना पळवत होती. ओमाहाची ती मुलगी जिभेने तिखट आणि मनाने त्याहून कडक.

"पुन्हा! ह्या रेषेपासून त्या रेषेपर्यंत! काल लाज नाही वाटली, आज वाटू दे!"

बुटांचे रबर लाकडावर किंचाळत होते. जाणे, वळणे, येणे. पुन्हा जाणे, वळणे, येणे. मार्लिसबाई समोरच्या पडद्यावर सामन्याचे चित्रीकरण लावून बसली होती, पण तिने आवाज बंद ठेवला होता. तिचे कान खालीच होते. एका धावणारीची लय चुकत होती. इतर बूट वळत, आणि मागाहून एक जोडी फरफटत येई.

"हॅटी, काय चाललंय? झोपायचंय तर गादी आणू?"

"नाही... बरी आहे मी."

हॅटी बरी नव्हती. दोन-तीन दिवस तिच्या अंगात ताप होता, पोटात अन्न ठरत नव्हते. जागा जाईल या भीतीने ती कोणाला बोलली नव्हती. हे आम्हांला नंतर कळले.

मार्लिसबाई उठली. दाराच्या मुठीवर तिने हात ठेवला. खाली उतरली तर नियम मोडला, सराव तिच्या नावावर चढला, कदाचित नोकरीही गेली. न उतरली तर थांबवणारे कोणीच नव्हते. ती परत खुर्चीपाशी आली. पुन्हा दाराशी गेली. तिच्या छातीचे ठोके मला पितळातून ऐकू येत होते. मला ओरडायचे होते, मित्रांनो! पण शिट्टीला स्वतःचा श्वास नसतो. कोणीतरी आपला दिला तरच तिला आवाज फुटतो.

"शेवटचं! सगळ्या एकदम!"

बूट धावले. वळले. आणि मग खाली एक जड, बोथट आवाज झाला. मैदानावर चेंडू पडला तर उसळतो. हा आवाज उसळला नाही.

मार्लिसबाईने दार उघडले आणि जिन्यावरूनच मला ओठांत घेतले. तिने इतका लांब श्वास मला कधीच दिला नव्हता. सगळ्या मुली जागच्या जागी थिजल्या. हॅटी रेषेवर पालथी पडली होती. तिचे अंग तापलेल्या पत्र्यासारखे होते आणि घाम मात्र सुकला होता.

"बर्फ आणा! पाणी! कीआरा, रुग्णवाहिका बोलव, पळ!"

"कोच, ती म्हणाली होती बरी आहे म्हणून..." कीआरा रडू लागली. "मला वाटलं आळस करतेय."

"नंतर रड. आत्ता फोन कर."

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितले की अंगातले पाणी आटून आणि अति श्रमाने तिचे स्नायू आतून फुटले आहेत, आणि त्यातून सुटलेले विष मूत्रपिंडांत उतरले आहे. दोन दिवस काही सांगता येणार नाही. लोरीन बर्फातून गाडी हाकत आली. ओला कोटही न काढता ती मार्लिसबाईसमोर उभी राहिली.

"तुम्ही कुठे होतात?"

"वर. माझ्या खोलीत."

"ऐकू येत होतं?"

मार्लिसबाईने मान खाली घातली नाही. "येत होतं."

लोरीनने हात उचलला. मला वाटले, आता मारणार. पण त्या हाताने तिने स्वतःचेच तोंड झाकून घेतले.

क्रीडाप्रमुखांनी फोन करून सुचवले, "मुलींनी आपणहून सराव केला, एवढंच सांगा. खोटंही नाही ते."

"खोटंच आहे," मार्लिसबाई म्हणाली. त्याच दिवशी तिने नियम पाळायला लावणाऱ्या मंडळाकडे जाऊन सगळे सांगितले. कीआराला तिने बाजूला घेऊन बजावले, "हे ओझं तुझं नाही. तू कर्णधार आहेस, कोच मी आहे." उरलेल्या मोसमासाठी तिच्यावर बंदी आली. ट्रेंटला काढले. पुढच्या वर्षीचे सरावाचे तास कापले गेले. न्हाव्याने दुकानातला आमचा फोटो उतरवला.

हॅटी वाचली. मूत्रपिंडे हळूहळू सावरली, पण पुढचे वर्षभर तिला खेळता येणार नव्हते. लोरीन तिला दुसऱ्या कॉलेजात हलवायला निघाली होती. मार्लिसबाई म्हणाली, "न्या. आता त्याला माझी परवानगीही लागत नाही. मी अडवणार नाही, उलट चांगली जागा शोधून देईन." हॅटी पलंगावर उठून बसली. "आई, मी इथून पळून जाणार नाही. ह्यांनी सांगितलं तसं इतर कुणी सांगितलं असतं का?" लोरीनने तिचे पांघरूण सारखे केले. मग म्हणाली, "रोज रात्री मला फोन करायचा. आणि ताप आला तर ह्यांच्या आधी मला सांगायचं."

त्या महिन्यांत मी टेबलाच्या खणात पडून होते. मैदानावर दुसऱ्या कोणाची प्लॅस्टिकची शिट्टी वाजे. तिच्या पोटात गोळीसुद्धा नव्हती. मला वाटले, संपलो आपण.

पुढच्या मोसमात मार्लिसबाई परतली. मुली रांगेत उभ्या होत्या. हॅटी साध्या कपड्यांत बाकावर बसली होती. मार्लिसबाईने मला गळ्यात घातले नाही. मैदानाच्या कडेच्या टेबलावर ठेवले.

"ही आता सगळ्यांची," ती म्हणाली. "जिला थांबावंसं वाटेल तिने वाजवायची. स्वतःसाठी, नाहीतर दुसरीसाठी. कारण मी विचारणार नाही, आणि त्यावरून कुणाची जागाही जाणार नाही."

कोणी हसले नाही. कोणी मला हातही लावला नाही. आठवडे गेले. मुली धापा टाकत माझ्याजवळून जात, माझ्याकडे बघत आणि नजर वळवत. जी आधी उचलेल ती कच्ची ठरणार, ही भीती त्या सगळ्यांच्या डोळ्यांत मी वाचली. मार्लिसबाईही वाचत होती.

एका दुपारी सराव रंगात होता. कीआरा चेंडू घेऊन मुसंडी मारत आली, आणि एकदम थांबली. ओणवी होऊन तिने गुडघ्यांवर हात टेकले. मग ती टेबलाशी आली. तिची बोटे ओली होती. सगळ्या संघासमोर तिने मला उचलले आणि फुंकले.

आवाज अगदी बारीक निघाला. तरी सगळे मैदान थांबले.

"चक्कर येतेय मला," ती म्हणाली. असे वाक्य त्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले असावे.

"बस," मार्लिसबाई म्हणाली. "सगळ्याच बसा. पाणी प्या."

हॅटीने बाकावरून सरकून तिला जागा करून दिली.

मित्रांनो, मला चकचकीत ठेवा असे मी तुम्हांला सांगणार नाही. पितळ झिजायचेच. पण तुमच्यासोबत पळणाऱ्याची लय चुकताना ऐकू आली, तर दाराआड बसून राहू नका. आणि तुमचाच श्वास संपत आला, तर सगळ्यांसमोर थांबायला लाजू नका.