घंटेआधी अंडंही विकायचं नाही

मी एक जुनी, चीर गेलेली पितळी घंटा आहे, मित्रांनो, आणि माझी कीव करणाऱ्यांची मला चीड येते.

भट्टीतून निघाले, लाकडी दांडी बसली आणि थेट हॅझलविक गावच्या चौकात आले. तिथे दगडी छत्रीखाली दर मंगळवारी बाजार भरतो. राजाच्या सनदेतला नियम गावात शेंबड्या पोरालाही पाठ : मी वाजेपर्यंत कोणी अंडंही विकायचं नाही, विकलं तर सगळा माल गरिबांच्या घरी. आणि दुपारी बारापर्यंत एकही सौदा झाला नाही, तर बाजाराचा हक्क कायमचा बुडाला.

काय दिवस होते ते! धुक्यात मेंढ्या ओरडायच्या, बायका लोण्यावर ओली फडकी टाकून माझ्याकडे डोळे लावून बसायच्या. घंटावाला क्लेम हक्सटेबल मला उचलायचा.

"वाजव रे बाबा, लोणी वितळतंय!"

"तुझ्या लोण्यात निम्मं पाणी, बाई. वितळेल काय, वाहून जाईल!"

मग मी वाजायचे आणि सगळा चौक एकदम बोलू लागायचा.

क्लेम गेला. मेंढ्या गेल्या. गावाबाहेर मोठं दुकान आलं. बसगाड्या भरून पाहुणे येऊ लागले. "किती गोड गाव!" म्हणायचे, फोटो काढायचे आणि चीजचा तुकडाही न घेता निघून जायचे. नगरसभेचा अध्यक्ष पार्जिटर. त्याला त्या बसगाड्या उभ्या करायला आमचाच चौक हवा होता. त्याने मला टाउन हॉलमध्ये काचेच्या पेटीत कुलूप लावून ठेवलं. वर दिवा लावला. याला म्हणे जतन! जिवंतपणी पुरलं मला.

पुढच्या मंगळवारी मी खिडकीतून बघत होते. माल मांडलेला, पण कोणी विकेना. चीजवाली विनी टॅपस्कॉट हाताची घडी घालून उभी.

"ते चीज द्या ना," एक पाहुणी म्हणाली.

"घंटा नाही झाली, पोरी."

पार्जिटर हसला. "बारा वाजत आले, विनी. वीक की! कोण अडवतंय?"

"आधी विकलं तर माल गेला, नाही विकलं तर बाजार गेला. तुझी दोन्हीकडून दिवाळी, काय रे?"

तिने तराजूतलं लोखंडी वजन उचललं आणि टाउन हॉलचा जिना चढली. काच फुटली. वजन मलाही लागलं, अंगाला चीर गेली. विनीने मला खिडकीबाहेर धरून जीव खाऊन वाजवलं आणि ओरडली, "ऑस्विन, वीक काहीतरी, लवकर!"

खाली ऑस्विन भाजीवाल्याने त्या पाहुणीच्या हातात कोबी कोंबला. बिचारीने गोंधळून पैसे दिले, तेवढ्यात चर्चमध्ये बाराचे टोले सुरू झाले. बाजार वाचला.

"घंटा फुटकी वाटते हो," पाहुणी नंतर म्हणाली.

"मी तरी कुठे धड आहे?" विनी म्हणाली. "चीज किती देऊ?"

आता विनीच मला वाजवते. आवाज घोगरा झालाय माझा. पार्जिटरने जाड काच मागवली आहे, असं ऐकते.

मित्रांनो, जुन्या गावांना जाल तेव्हा खुशाल फोटो काढा. पण सोबत एक पिशवी न्या आणि ती रिकामी परत आणू नका. नाहीतर पुढच्या खेपेला मी तुम्हाला दिव्याखाली दिसेन, लख्ख पुसलेली आणि मुकी.