देवाजीचा साफ रिपोर्ट

अंजनाबाईला आपल्या भासऱ्याची झोप उडवायची होती. त्याचा जीव घेऊन तिला काय करायचं होतं! नवऱ्याच्या या थोरल्या भावाने, देवाजीने, तिच्या घरावरून नांगर फिरवला होता, तोही भर बैठकीत, चहाच्या बशीत फुंकर मारत.

बैठक तिच्या लेकीच्या, ताराच्या सोयरिकीची होती. पारशिवनीचे पाहुणे इंदोऱ्यात तिच्या घरी आले होते, मुलगी पसंत होती, तारीख धरायची तेवढी बाकी. देवाजीला मात्र तारा आपल्या साळ्याच्या पोरासाठी हवी होती, आणि अंजनाबाईच्या नवऱ्याने, बळीरामने, त्या उनाडाला नकार दिलेला. तेव्हा हा शहाणा पाहुण्यांना म्हणाला, "पोरगी चांगली आहे, फक्त तिले कधीमधी मिरगी येते."

पाहुणे उठले. ज्या पोरीला कधी साधा तापही आला नाही, तिला म्हणे मिरगी! बळीराम "दादा, काहून खोटं बोलता?" एवढंच म्हणाला आणि छाती धरून खाली बसला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

एक्केचाळीस वर्षांचा माणूस, रोज सायकलने कामठीला हातमागावर कामाला जाणारा, विडीला न शिवणारा. डॉक्टरांनाही नवल वाटलं. शवविच्छेदन झाल्यावर त्यांनी अंजनाबाईला समजावलं, "झटका हृदयाचाच होता बाई. पण हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या साफ आहेत, कुठे अडथळा नाही. असं क्वचित होतं. का होतं, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. मनाला मोठा धक्का बसला होता का?"

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. विहारात बळीरामच्या नावाने झालेल्या पुण्यानुमोदनाला देवाजी सगळ्यांत मोठ्याने रडला, आणि "आमच्या खानदानातच हार्टची बिमारी आहे" असं सांगत सुटला. चोराच्या उलट्या बोंबा! अंजनाबाईने दातओठ खाऊन ऐकून घेतलं.

बोलता बोलता ती भीती त्याच्याच मानगुटीवर बसली. जिना चढला की धाप, ढेकर आला की घाम. शेवटी रेल्वेच्या नोकरीच्या जोरावर मुंबई गाठून त्याने हृदयाच्या नळ्यांत रंग सोडून फोटो काढून घेतले. त्र्याऐंशी साली वस्तीत कुणी असलं काही ऐकलंही नव्हतं. परतला तो स्टेशनवरून संत्रा बर्फीचे डबे घेऊनच.

"घे वं अंजना, तोंड गोड कर! नळ्या एकदम साफ. डॉक्टर म्हणे, काहीच नाही तुमाले."

अंजनाबाईने बर्फी चवीने खाल्ली, वर पाणी प्याली. मग म्हणाली, "यायच्याबी साफच होत्या, भाऊजी."

"कोणाच्या?"

"तुमच्या भावाच्या. चिरून पाह्यलं डॉक्टरनं. धक्क्यानं गेला माणूस. तुमच्या बोलण्याच्या धक्क्यानं. आणि खोटं बोलणाऱ्यालेबी असाच झटका येते म्हणे."

शेवटचं वाक्य अंजनाबाईच्या पदरचं होतं. देवाजीचा हात छातीवर गेला. तिला इतका आनंद झाला की खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

महिनाभरात देवाजी अर्धा झाला. छातीचा ईसीजीचा कागद काढून पाहावा तर तो साफ, आणि साफ म्हटलं की त्याला भाऊ आठवायचा. एक दिवस तिच्या दारात येऊन बसला. "मी मरून राहिलो वं. काय करू सांग."

"रविवारी विहारात वंदना झाली का माईकवर उभे राहा. ताराले मिरगी नाही, मी खोटं बोललो, म्हणा. पारशिवनीवाल्यायले मी बोलावते."

तो उभा राहिला. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. तीनदा अडखळला, पण सगळं बोलला. आपल्या खोट्यापायी भाऊ गेला, हेही बोलला. पारशिवनीच्या पाहुण्यांनी तिथेच सोयरिकीचा विषय पुन्हा काढला.

बाहेर चपलांपाशी देवाजीने तिला गाठलं. पन्नाशीचा माणूस हात जोडून उभा होता. "बोललो वं सगळं. आता तं मले काही होणार नाही ना?"

'नाही होत' एवढं म्हटलं असतं तर तो त्या रात्री सुखाने झोपला असता. अंजनाबाईने चप्पल पायात सरकवली, ताराचा हात धरला.

"ते मले काय माहीत, भाऊजी," ती म्हणाली. "डॉक्टरलेच नाही माहीत."