घर क्रमांक एक

"तिला कशाची आलीय उदासी? मोबाईल हातात आला की तोंड कसं फुलतंय बघा." नातीच्या आधी सरुबाईच उत्तर देऊन मोकळ्या झाल्या. प्रगती हसली. अंजलीताईंनी 'नाही'च्या चौकटीत खूण केली.

आशासेविका म्हणून कळस गावातलं त्यांचं हे अकरावं वर्ष. लसी, बाळंतपणं, रक्तदाब, आणि आता वयात आलेल्या मुलांच्या मनाचं सर्वेक्षण. नऊ प्रश्न, चाळीस घरं.

दारापर्यंत सोडायला आलेली प्रगती हळूच म्हणाली, "काकू, तुमच्या साक्षीनं मला तिचं घड्याळ दिलंय. समद्या वह्या बी. आता लागायच्या न्हायत म्हणली."

अंजलीताई तशाच घराकडे वळल्या. मूल आवडीच्या वस्तू वाटायला लागलं तर एक दिवसही थांबू नका, असं इंदापूरच्या प्रशिक्षणात डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यांनी ते उतरवून घेऊन खाली रेघही मारली होती.

कुठलंही सर्वेक्षण असो, घर क्रमांक एक म्हणजे स्वतःचं. ते सगळ्याच सेविका बसल्या जागी भरत. आपल्याच घरात काय विचारायचं? याही वेळी त्यांनी नऊच्या नऊ ठिकाणी 'नाही' लिहिलं होतं. साक्षी दोन महिने पडून असते, अर्धी भाकरी टाकून उठते, बारावीचा क्लास सुटलाय, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच निघालं तेव्हा कारण सापडलं म्हणून त्यांना चक्क हायसं वाटलं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

घर दोनशे पावलांवर होतं, पण रस्ता सरेना. आतून कडी असली तर? फवारणीचं औषध नवऱ्याने, धम्मदीपने, कुठे ठेवलंय?

कडी नव्हती. साक्षी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची पाठ हलतेय का, ते त्यांनी आधी पाहिलं. हलत होती.

त्या तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. घरोघरी एका दमात विचारलेला शेवटचा प्रश्न त्यांनी तुटक तुटक विचारला.

"साक्षी, मरून जावं असं वाटतं का गं तुला?"

 भिंतीकडे बघतच तिने विचारलं, "वरडणार न्हाईस?"

"न्हाय."

"वाटतं. रोज." मग म्हणाली, "गोळ्यांनी जात न्हाय, आई. तू देतीस म्हणून खाल्ल्या."

त्यांनी नवऱ्याला फोन करून फवारणीची औषधं घरातून हलवायला सांगितलं. साक्षीला स्कूटीवर मागे बसवलं. इंदापूर येईपर्यंत दोनदा डावा हात मागे नेऊन ती आहे ना, ते चाचपलं.

सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीतला दत्तोबा त्यांना बघून नेहमीसारखा हसला. "ताई, आज गावातलं कुणाला धरून आणलं?"

"साक्षी धम्मदीप सोनवणे. वय सतरा."

त्याने मान वर केली, मागे उभ्या मुलीकडे पाहिलं आणि मुकाट लिहू लागला. सोबत आलेल्याच्या रकान्यात सवयीने 'सेविका' लिहायला त्याने पेन टेकवलं.

"आई लिहा," अंजलीताई म्हणाल्या.