टाळ्यांचं वजन

केतकी उगलेच्या डाव्या पायाची बोटं पितळेची झाली ती तिचं नाव पुकारल्यावर, पहिल्याच टाळ्यांत. तिला आश्चर्य वाटलं नाही. तरुण महिला अभियंता पुरस्काराची गेल्या वर्षीची मानकरी, रेवा माने, मंचावर समई म्हणूनच उभी होती. प्रमुख पाहुण्यांनी नुकतीच तिच्या ओंजळीतली वात पेटवली होती.

सोहळा नव्या पुलावरच होता. पूल केतकीनं आखलेला. सकाळी ती खाली उतरून पाहून आली होती. तिसऱ्या खांबावर पुलाचा गर्डर ज्या बेअरिंगवर टेकतो, त्याला कारखान्यातून आणताना लावलेल्या लोखंडी पट्ट्या तशाच होत्या. बसवल्यावर त्या काढायच्या असतात. उन्हात गर्डर लांबतो, त्याला सरकायला मोकळीक लागते. इथं उद्घाटनाच्या घाईत पट्ट्यांवरूनच निळा रंग मारला होता. रंग छान बसला होता. खांबाचा माथा तडकायला लागला होता.

"साहेब, सकाळी बेअरिंगचं सांगितलं ना, लोकांना पुलावरून उतरवा," ती घोलपांना म्हणाली. ते कार्यकारी अभियंता, आणि शाल त्यांच्याच हातात होती.

"अगं, आज तरी बेअरिंग सोड. जरा हस फोटोत."

"खांब तडकतोय, साहेब."

"बघा मंडळी, सत्कार घेतानाही डोक्यात कामच!" घोलपांनी माइकवर सांगितलं.

टाळ्या पडल्या. पितळ गुडघ्यांपर्यंत आलं.

त्यांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला. केतकीनं माइक हिसकावला. "पूल रिकामा करा! आत्ता! लहान मुलांना आधी न्या!"

"काय तडफ आहे पोरीची!" पाहुणे उभे राहिले. मागे सगळेच उभे राहिले. एका बाईंनी आपल्या मुलीला उचलून धरलं. "बघ, असं व्हायचं तुला." पितळ खांद्यांपर्यंत चढलं, आणि पूल खालून कण्हला.

केतकीनं हिशेब केला. पितळ माणसाच्या आठपट जड. बोललं की टाळ्या, टाळ्या की वजन, आणि वजन जाणार तिसऱ्या खांबावर. संतापानं तिची मान तापली. तेवढीच अजून तापण्यासारखी होती.

"तू काय बोलली होतीस?" तिनं रेवाला विचारलं.

"धरणाचं दार अडकतंय, असं मी म्हणाले होते," ज्योत न हलवता रेवा म्हणाली. "खूप टाळ्या पडल्या."

"मग?"

"मग माझ्यात तेल घातलं."

केतकीनं तोंड घट्ट मिटलं.

"लाजली!" घोलप म्हणाले.

हशा झाला, टाळ्या झाल्या. जीभ गेली. उरली उजव्या हाताची बोटं आणि त्यांतला नारळ. तिनं बोटं उघडली.

नारळ मंचावरून पडला, पायऱ्या उतरला आणि खुर्च्यांमधल्या लाल गालिच्यावरून तिसऱ्या खांबाकडे निघाला. शेंडीचा नारळ सपाटीवर फार लांब जात नाही. हा वेग घेत होता. लोकांनी त्याला वाट द्यायला पाय मागे घेतले.

"आई, तो थांबत का नाही?" कडेवरच्या मुलीनं विचारलं.

"टाळ्या वाजव," आई म्हणाली. तिनं मुलीचे दोन्ही तळवे धरले आणि टाळीसाठी एकमेकांपासून दूर नेले.