ताईच्या अंगणातला उतरता आकडा

ताईच्या अंगणात यंत्राचा आकडा पुन्हा कमी आला.

जमिनीची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, मोजणारं हे यंत्र घेऊन मी अकरा वर्षं याकुतियाच्या गावांतून हिंडते आहे. खाली भरीव असेल तर ओढ जास्त, पोकळ असेल तर कमी. आमच्या गोठलेल्या जमिनीत बर्फाच्या घराएवढ्या उंच भिंती गाडलेल्या असतात. वरची हिरवळ सोलली की ऊन आत शिरतं, बर्फाचं पाणी होऊन वाहून जातं आणि मागे पोकळी उरते. म्हातारे ओरडून सांगत, जमिनीची कातडी काढू नका. पण माझी थोरली बहीण, खोबोरोसताई, कुणाचं ऐकेल तर ना! बटाट्यांसाठी तिने अख्खं अंगण सोललं होतं.

शंका नको म्हणून गावाबाहेरच्या खडकावर जाऊन मोजलं. सकाळी तिथे आला होता तोच आकडा आला. यंत्र ठीक होतं.

धावत परतले तर अंगणात ताई नाही आणि तळघराचं झाकण उघडं. सकाळी मीच नखरे केले होते, विहिरीच्या पाण्याचा चहा नको, तळ्याच्या बर्फाचाच हवा. हिवाळ्यात कापलेल्या लाद्या तळघरातच असतात.

"ताई, वर ये! आत्ताच्या आत्ता!"

"आले गं बाई! केवढी ती चहाची तलफ!"

"खड्ड्यात गेला चहा! सगळं टाक आणि ये!"

"लादी तेवढी घेते. अगं, भिंतीमागे पाणी खळखळतंय. गंमतच आहे."

मी पालथी पडून सरपटत गेले, हात खाली घातला. शिडीवर तिचं मनगट सापडलं आणि मी जीव खाऊन ओढलं. ती वर आली तेवढ्यात शिडी खाली गेली, झाकण गेलं, मागून बटाट्यांच्या तीन ओळी गेल्या. आम्ही रांगत कुंपण गाठलं.

ताईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

"तुला कळलं कधी?" तिने विचारलं.

या प्रश्नाची मला त्या खड्ड्याहून जास्त भीती वाटली. गेल्या उन्हाळ्यातही इथला आकडा उतरला होता. ताईला घर सोडावं लागेल, हे मला बघवत नव्हतं. यंत्र तापलं असेल म्हणत मी तो आकडा वहीतून खोडून टाकला होता.

"गेल्या वर्षी, ताई."

तिने माझा हात सोडला.