पुलावरच्या अकरा सायकली

शिंपीणबाईंचे पत्र येऊन चार महिने झाले होते आणि त्याला उत्तर गेले नव्हते. नकाशेवाल्या आजोबांनी ते आधी टेबलाच्या खणात ठेवले, मग कपाटात, मग शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात. जागा बदलली की आपण त्याचे काहीतरी केले, असे त्यांना तेवढ्यापुरते वाटे.

आजोबांनी पालिकेच्या रस्ते खात्यात चौतीस वर्षे नकाशे काढले होते. म्हणून गल्लीत त्यांना हेच नाव पडले. पत्र अर्ध्या पानाचे होते.

'मी कपडे शिवते आणि सायकलवरून गिऱ्हाइकांकडे पोचवते. जुन्या पुलावर ट्रकचा धक्का लागून माझे उजवे मनगट मोडले. आता पालिका सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधणार आहे, पण यादीत आमचा पूल नाही. विचारले तर म्हणतात, मोजणीत दिवसभरात तिथे अकराच सायकली सापडल्या. मी एकटीच चारदा जाते. ग्रंथालयात मोजणीच्या जुन्या पुस्तिकेवर तुमचे नाव पाहिले. ही मोजणी कशी करतात ते कळवाल का? यादी पक्की करायच्या बैठकीआधी कळले तर बरे.'

पहिल्यांदा वाचले तेव्हा आजोबांना पत्राचाच संशय आला होता. एवढे मुद्देसूद पत्र शिंपीणबाईंनी आपल्या मनाने लिहिले असेल? मागून कुणी बोलवता धनी तर नसेल? पुढे या संशयाची त्यांना लाज वाटली. पण तोवर दुसरा येऊन बसला होता आणि तो घरातलाच होता. ताजी मोजणी केली होती ती त्यांच्या जावयाने.

जावई रस्ते खात्यात उपअभियंता होता. यादीत पहिला नंबर लागला होता तलावाकाठच्या रस्त्याचा. तिथे संध्याकाळी हौशी लोक सायकली फिरवत. सहाशे चाळीस सायकली, म्हणे! आणि ज्या पुलावरून अर्धे गाव कामावर जाते, तिथे अकरा. आजोबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती थांबेचना. त्यातच मुलगी सहज बोलून गेली होती की हल्ली रस्त्यांचा एक ठेकेदार घरी चहाला येतो.

बैठकीला पाच दिवस उरले, त्या रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. आजोबांनी आमटीत चमचा फिरवत, कुणाकडेही न बघता विचारले, "जावईबापू, पुलावर अकरा म्हणजे जरा कमीच नाही का वाटत?"

"कशाच्या अकरा?"

"सायकली."

जावई हसला. "बाबा, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. जेवताना चौकशी!"

"पोलिसात?" आजी म्हणाल्या. "यांचा चष्मा हरवला तर तो यांच्या नाकावर मला सापडतो."

सगळे हसले. आजोबाही हसले, पण जावयाने उत्तर दिले नाही हे त्यांनी टिपून ठेवले. तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. तो उठून बाल्कनीत गेला आणि त्याने दार ओढून घेतले. हात धुवायच्या निमित्ताने आजोबा दारापाशी घुटमळले. पलीकडून दबका आवाज आला, "पुलाचा विषय काढूच नका. आमच्या म्हाताऱ्याला कळता कामा नये."

आजोबांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. पोरीच्या संसाराला हात न लावता या माणसाला जाब कसा विचारायचा? आणि विचारायचा तरी कशाच्या आधारावर? आधार हवा, तर आकडा आपला हवा.

सोमवारी सकाळी साडेसातला ते वही घेऊन पुलाच्या तोंडाशी उभे राहिले. पूल अरुंद होता. दोन ट्रक समोरासमोर आले की कठड्याशी हातभर जागा उरे. आजोबांनी पानावर रकाने पाडले आणि सवयीने रेघा ओढायला सुरुवात केली. मोटारी. ट्रक. पादचारी. सायकली.

पुलाच्या कोपऱ्यावर पंक्चर काढणारा बसला होता. त्याने तासभर कळ काढली.

"काका, काय मोजताय? माणसं?"

"सायकली."

"मिळाल्या किती?"

"चार."

पंक्चरवाल्याने हातातली ट्यूब खाली ठेवली. "चार? माझं पोट काय चार सायकलींवर चालतं? हे समोरून चाललेत, ते कोण मग?"

आजोबांनी पाहिले. रंगारी, परिचारिका, डबेवाली, शाळेच्या बाई, एकामागे एक, कठड्याला चिकटून. प्रत्येकाच्या हातात सायकलचे हँडल. पुलावर चढताना सगळे खाली उतरत होते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बसत होते.

"हे पायी चाललेत," आजोबा म्हणाले.

"हौस आहे का त्यांना? बसून गेलं तर ट्रक उडवतो. त्या शिंपीणबाई तर उतरून चालल्या होत्या, तरी आरसा लागलाच."

आजोबांनी वहीकडे पाहिले. 'पादचारी' खाली एकशे त्र्याहत्तर रेघा होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक अशाच लोकांच्या. त्यांच्या हाताने विचारसुद्धा केला नव्हता. करणार कसा? नियमच तसा होता. मोजणीच्या पुस्तिकेतले कलम सात: सायकल हाताने धरून चालणाऱ्यास पादचारी समजावे. बावीस वर्षांपूर्वी मंडईच्या रस्त्यावर लोक सायकल ढकलत या दुकानातून त्या दुकानात जात आणि एकच माणूस दहादा मोजला जाई. त्यावर तोडगा म्हणून हे कलम लिहिले गेले. वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. कलम लिहिणारे होते स्वतः आजोबा.

म्हणजे जिथे रस्ता इतका वाईट की सायकलवर बसताच येत नाही, तिथे सायकली नाहीत. आणि सायकली नाहीत म्हणून निधी नाही.

त्यांनी जावयाच्या कचेरीत जाऊन वही टेबलावर ठेवली. जावयाने पान पाहिले, मग दार लोटले.

"तुम्हाला ठाऊक होतं," आजोबा म्हणाले.

"दोन महिन्यांपूर्वी लक्षात आलं. त्या बाईंचा अपघातसुद्धा पादचारी म्हणूनच नोंदलाय." जावयाने आवाज खाली आणला. "यादी बदलायची तर मोजणी चुकली म्हणावं लागेल. का चुकली, तर पद्धत चुकली. पद्धत कुणाची, बाबा? खाली जिन्यात तुमचा फोटो लावलाय लोकांनी. कारकुनाला सांगून ठेवलं, यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका."

"म्हणजे माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

"आणि ठेकेदार चहाला येतो तो?"

जावयाने टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला. "काम असलं की येतात लोक. तुम्ही पण ना..."

आजोबा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. पोर खरे बोलत होते, की खऱ्यातले सोयीचे तेवढे बोलत होते, ते काही केल्या कळेना. कळेपर्यंत थांबायचे तर बैठक होऊन जाणार. आणि आपल्या फोटोच्या आडोशाला कोण कोण बसले आहे, ते फोटो उतरल्याशिवाय दिसणारही नव्हते.

वही उचलून ते घरी आले आणि लिहायला बसले. 'उशीर झाला, क्षमा असावी' या ओळीचे त्यांनी तीन मसुदे फाडले. दारातून आजी म्हणाल्या, "अहो, आता पोस्ट बंद होईल. माफी एका ओळीत मागा आणि कामाचं लिहा."

मग त्यांनी कामाचे लिहिले. 'बाई, मोजणीतली चूक माझी आहे. कलम सात मी लिहिले. त्या कलमामुळे पुलावर उतरून चालणारे सायकलवाले पादचाऱ्यांत गेले. सोबत माझी आजची मोजणी जोडली आहे. पुलावर सायकलवर बसून जाणारे आणि उतरून चालणारे असे वेगळे रकाने ठेवून पुन्हा मोजणी व्हावी आणि ती खात्याबाहेरच्या माणसांनी करावी. तलावाकाठीही तशीच व्हावी. हे पत्र बैठकीत माझ्या नावासकट वाचून दाखवावे.'

'तलावाकाठीही' या शब्दावर त्यांची लेखणी अडली होती. मुलीचा चेहरा समोर आला. पण त्यांनी तो शब्द खोडला नाही.

आजी पाकिटाला डिंक लावताना म्हणाल्या, "जावयाला सांगितलंत का?"

"नाही."

"बरं." त्यांनी पाकीट दाबून चिकटवले. "मी पण नाही सांगत."

नाक्यावरच्या पेटीवर शेवटची वेळ साडेचारची लिहिलेली होती. आजोबा पोचले तेव्हा पोस्टमन पेटीला किल्ली लावतच होता. पेटीत टाकायला वेळ उरला नव्हता. त्यांनी पाकीट सरळ त्याच्या हातात दिले.