कमरुद्दीनचाचांची फी

"जुनी पेटी घ्यायची तर घे, पर आधी बाजाच्या पेट्या दुरुस्त करनाऱ्या कमरुद्दीनभाईला दाखव. वरच्या पॉलिशला भुलू नको," शेजारच्या बनुबाईंनी पूजाला बजावलं होतं. बनुबाई राहात्याच्या भजनी मंडळात टाळ वाजवायच्या. पूजा मात्र बी.एस्सी. झालेली. भाता फाटलेला नाही, सगळ्या पट्ट्या वाजतात, एवढं तिने तपासलं होतं. "बघितलंय मी सगळं, मावशी," म्हणून तिने पेटी घरी आणलीसुद्धा.

शिर्डीतल्या गाण्याच्या क्लासची फी नवऱ्याच्या, हर्षलच्या, पगारात बसणारी नव्हती. म्हणून तिची आठ वर्षांची लेक सृष्टी वाचनालयातल्या पुस्तकावरून त्या पेटीवर सा रे ग म गिरवू लागली. सहा महिने पोरीने पेटी सोडली नाही.

मग शाळेच्या संमेलनातल्या गाण्यातून तिला काढलं. "सूर लागत नाही तिचा," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून सृष्टीचं गुणगुणणं बंद झालं. वेणी घालताना पूजा मुद्दाम गाण्याची ओळ अर्धवट सोडायची आणि वाट बघायची. पोर आरशात बघत रिबीन पुढे करायची. आपल्या हौसेपायी लेकीचं गाणंच गेलं की काय, ही धास्ती पूजाला लागली.

शेवटी बनुबाईंनीच पेटी रिक्षात घातली. आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या कमरुद्दीनचाचांकडेच दुरुस्तीला यायच्या. दुकानात पोचल्यावर म्हाताऱ्याने एक पट्टी दाबली.

"बेटा, ह्यो सूर लाव."

सृष्टी आईच्या मागे सरकली.

"लाव की. हितं कोन मार्क देतंय?"

तिने हळूच सूर लावला. चाचांनी दुसरी पट्टी दाबली, मग तिसरी. डावा कान पोरीकडे करून ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि एकदम हसायलाच लागले.

"ताई, पोरीचं काय बी चुकत न्हाई. पेटीचेच सूर उतरल्यात, आन् ही पेटीबरुबर केसभर न चुकता उतरती! असा कान मला लई वर्सांत भेटला न्हाई."

पूजाने पोरीला जवळ ओढलं.

"पॉलिश मातुर झकास हाय हां," बनुबाईंनी चिमटा काढलाच.

पूजाने भीतभीत शिकवणीची फी विचारली. चाचांनी आपल्या उजव्या कानाला हात लावला. "ह्यो गेला. एका पट्टीखाली दोन रीड असत्यात, पितळंच्या पातळ पत्त्या. त्या जुळल्या न्हाईत तर आवाज थरथरतो. ती थरथर आता मला एकट्याला धरता येत न्हाई. शनवारी शाळा सुटली की पोरीला पाठवा. ती ऐकंल, मी रीडवर कानस चालवीन. मग तासभर गानं शिकवीन. फी फिटली."

दोन वर्षं दर शनिवारी हे चाललं. "सूर अजून भांडतायत, चाचा." कानस फिरायची. "आता?" "आता जुळले." पुढच्या संमेलनात सृष्टी पहिल्या रांगेत उभी राहून गायली, आणि बनुबाईंनी टाळ्यांऐवजी चक्क टाळच वाजवले.

यंदा जूनमध्ये हर्षलची बदली जामखेडला झाली. तरी शनिवार चुकला नाही. चाचा मोबाईल पेटीवर ठेवायचे, आणि इकडून सृष्टी सांगायची, भांडतायत की जुळले. आता घरात ती दिवसभर गाते, पूजाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. चाचांचं हे ऋण कशाने फेडावं, हे तिला अजून सुचलेलं नाही.

पण गेले दोन शनिवार चाचांचा फोन नुसता वाजतोय. बनुबाई लेकीकडे नाशिकला आहेत. हर्षलला सुट्टी पुढच्या रविवारी, तेव्हा ते राहात्याला जातील; पण तोवर पूजाला धीर निघत नाही. राहात्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तसं तुम्हालाही सांगतेय: तिकडे गेलात तर पेटीवाल्या कमरुद्दीनचाचांचं दुकान विचारा. शटर बंद असलं तर मागच्या दाराने घरात डोकावा. बोलताना जरा डाव्या बाजूने बोला. आणि म्हणावं, सृष्टी फोनजवळ बसून आहे.